एक माईक, सोळा आवाज : ऑफ सीझनच्या नोंदी

८ जुलै २०२५, मंगळवार. सातारा, गोडाऊन

परवा आषाढी झाली. आता तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाचं काम नाही, आणि गणपतीच्या ऑर्डरी पक्क्या व्हायला अजून महिना आहे. आबा सकाळी म्हणाले, "आता समद्या केबली तपासून घे." केबली तपासायला दोन दिवस पुरतात. उरलेल्या दिवसांत मी काय करणार आहे ते त्यांना सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

करायचंय एक गाणं. माझं स्वतःचं. अट इतकीच, की एकाच माईकवर आणि एकाच माणसाने करायचं. बोन इव्हेर या बँडचा पहिला अल्बम बहुतेक सगळा असाच झाला होता. गाणं चांगलं व्हायलाच पाहिजे असं काही नाही. ते आवाज ऐकून माझ्या पोटात जे कालवतं ते नेमकं कुठून येतं, एवढं मला शोधायचंय. तेरा वर्षं ऐकतोय. पोटापाण्याचा धंदा साउंडचा, आणि हे सांगता येत नाही म्हणजे जरा लाजच आहे.

सामान काढून ठेवलं. एसएम ५७ माईक एक, ढोलकी-हलगीला लावतो तोच, जाळी एका बाजूने चेपलेली. दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, माईकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा. लॅपटॉपवर रीपर, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. कॉलेजातली गिटार, मान किंचित वाकलेली. बंद कपांचा हेडफोन. संध्याकाळपर्यंत अकरा केबली तपासल्या, तीन जॅक परत सोल्डर केले.

९ जुलै, बुधवार

काम काही नाही केलं. पण हे सगळं सुरू कसं झालं ते एकदा लिहून टाकतो.

२०१२ची गोष्ट. पुण्याकडचं लग्न उरकून आम्ही रात्री अडीचला टेम्पोतून परत येत होतो. मागे सामान, पुढे ड्रायव्हर, मी आणि एक पोरगं झोपलेलं. कॉलेजातल्या मित्राने पेनड्राइव्ह दिला होता, तो टेपला लावला. दिवसभर बेंजोच्या आवाजाने कान बधिर झालेले. खंबाटकी घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर चढत होती आणि स्पीकरमधून एक गिटार आणि पातळ, फाटका, बायकी वाटावा असा आवाज आला. मग त्याच्यामागून आणखी एक. मग बरेच. ड्रायव्हर म्हणाला, "ही काय देवळातली गाणी हायत का?" मला शब्द एक कळला नाही. वेळे गाव येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, कारण डोळे पुसताना पोरगं जागं झालं असतं तर पंचाईत होती.

त्या आवाजामागची हकीकत मला फार उशिरा कळली. बोन इव्हेर म्हणजे मुळात जस्टिन व्हर्नन, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला, ओ क्लेअर गावचा. गावातल्या मित्रांचा बँड होता, डीयारमंड एडिसन नावाचा. सगळे मिळून २००५ला नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात राहायला गेले. वर्षभरात बँड फुटला. त्याच सुमाराला प्रेमही तुटलं, आणि वर आजारपण आलं, ग्रंथींचा ताप, तो लिव्हरपर्यंत गेला. २००६च्या हिवाळ्याच्या तोंडावर तो गाडी घेऊन विस्कॉन्सिनला परतला आणि वडिलांच्या शिकारीच्या लाकडी घरात जाऊन राहिला. तीनेक महिने. जवळ एक एसएम ५७, एक जुनी सिल्व्हरटोन गिटार, रेकॉर्डिंगचं जुजबी सामान. भावाने त्याचे जुने ड्रम आणून टाकले. अल्बम करायला म्हणून तो गेलाच नव्हता.

नाव बरं वाटतं ना, बोन इव्हेर? फ्रेंचमध्ये 'बों इव्हेर' म्हणजे हिवाळा सुखाचा जावो. अलास्कातल्या एका गावावरची टीव्ही मालिका तो आजारपणात पडल्या पडल्या बघायचा, तिच्यात पहिला बर्फ पडला की लोक एकमेकांना असं म्हणतात. फ्रेंच शब्दातला 'एच' त्याने नंतर काढून टाकला, कारण तसं लिहिलं की त्याला लिव्हर आठवायचं. आजारी माणसाचा विनोद.

१२ जुलै, शनिवार. बामणोलीकडे, मामाच्या गावी

आपणही एकांतात जावं म्हणून सगळं सामान घेऊन कासवरून इथे आलो. ठार चुकलं.

तिकडे व्हर्ननला बर्फ होता. ताजा बर्फ आवाज पिऊन टाकतो, सगळा मुलूख शांत होतो. इथे जुलैचा पाऊस आणि डोक्यावर पत्रा. मीटर लावून बघितला, नुसत्या पावसाचा आवाज खोलीत ७८ डीबी, म्हणजे डेसिबल. माझं गाणं त्याखाली. रात्री पाऊस जरा थांबला तर बेडूक. दुपारी लाइट गेली ती आली नाही. लॅपटॉप ११ टक्क्यांवर.

आणि एकांत म्हणाल तर मामी दर तासाला विचारतेय, नाचणीची भाकरी घेणार का. शेजारचे दोघं येऊन माईक बघून गेले. एकाने विचारलं, निवडणूक आहे का.

आजी मात्र खुशीत आहे. तिचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं, हे आता वरच्या अंगाला वसलेलं. दारातून जलाशय दिसतो, आज धुक्यात तोही दिसेना. मी गिटार लावत होतो तेव्हा ती बाजूला बसून वाती वळत होती. म्हणाली, "वाजीव की. नुसतंच काय पिळतुयास?"

१५ जुलै, मंगळवार. परत गोडाऊन

रागाने गोडाऊनमध्ये येऊन बसलो आणि इथेच डोक्यात उजेड पडला. मागच्या बाजूला चारशे गाद्या छतापर्यंत रचलेल्या, दोन भिंतींना कनाती आणि पडद्यांचे गठ्ठे, जमिनीवर जाजमं. मध्ये एक माणूस बसेल एवढी बोळ. तिथे जाऊन टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी मेली! शहरात लोक लाखभर रुपये घालून फोम चिकटवतात त्यासाठी, आणि आमच्याकडे ते फुकट पडलंय, वर वाळवीच्या पावडरचा वास.

त्या लाकडी घराच्या एकांताबद्दलही आज जरा विचार केला. चाहते मंडळींनी त्याचं पार पुराण केलंय. जंगलातला साधू, दाढी, बर्फ. खरं तर व्हर्ननचे वडील अधूनमधून येऊन काय हवं-नको बघून जायचे. तो लाकडं फोडायचा, कामं करायचा, दोन हरणं मारून त्यांचं मांस त्याने हिवाळाभर खाल्लं. आणि अल्बमात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन वाजतात ते दुसऱ्यांनी वाजवलेत. म्हणजे माणसं होती. मामी त्यालाही होतीच, फक्त ती दहा-बारा दिवसांनी यायची.

कपडे झटकताना आबा आले. बोळीत बघितलं, स्टँड, माईक, मी गादीवर मांडी घालून.
"काय चाललंय?"
"माईक चेक करतोय."
"गादीला ऐकवून?"

१९ जुलै, शनिवार

गिटारीचं लावणं. 'स्किनी लव्ह' या त्याच्या गाण्यात गिटार नेहमीसारखी लावलेली नाही. जाड तारेपासून पातळ तारेकडे सी, जी, ई, जी, सी, सी. कागदावर ही अक्षरं लिहून मी अर्धा तास तारा पिळत होतो. मग सी म्हणजे सा धरला, आणि हसूच आलं. सा प ग प सा सा. काही दाबायचंच नाही, नुसत्या उघड्या तारा छेडल्या की तंबोऱ्यासारखा सगळा षड्ज उभा राहतो, वर गंधार फुकट.

एवढं सोपं आहे तर तेरा वर्षं का लावून बघितलं नाही, देव जाणे.

पातळ बाजूने मोजलं तर चौथी तार पूर्ण एक स्वर वर चढवावी लागते. ती चढताना तुटली, हाताला बसली. दुसरा सेट घेतला, आधीपेक्षा एक जाडी कमी. सहावी तार उलट दोन स्वर उतरते, ती इतकी ढिली पडते की फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना, खरखरते. पहिल्यांदा वाटलं दोष आहे. मग मूळ गाणं हेडफोनवर ऐकलं, तिथेही खालच्या तारेला तसलीच धूळ आहे. ठेवली तशीच.

२२ जुलै, मंगळवार

सांगलीला दोन स्पीकर रिकोन करायला, म्हणजे आतला कोन आणि कॉइल बदलायला, टाकले. कॉइल जळालेली, मागच्या हळदीत कुणीतरी मागून आवाज वाढवला होता. चार तास थांबायचं म्हणून मिरजेला गेलो, सतारमेकरांच्या गल्लीत. काही घ्यायचं नव्हतं. एका दुकानात नवा तंबोरा लावणं चाललं होतं, दाराशी उभा राहिलो.

मधल्या दोन तारा, जोडीच्या, दोन्ही एकाच षड्जाला. कारागीर एक धरून दुसरी मणी सरकवून तिच्याकडे आणत होता. दूर असताना आवाज भरभर थरथरतो, जवळ येईल तसा थरथराट संथ होतो. हे आम्हाला धंद्यात माहीत असतं. दोन सुरांमध्ये सेकंदाला एक कंपनाचा फरक असेल तर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. पण तिथे उभं राहून ऐकणं वेगळं. हेलकावा अगदी लांबट झाला, श्वासाएवढा, आणि मग माणसाने हात काढून घेतला. दोन तारा आहेत हे आता कळत नव्हतं, आणि एकच आहे असंही वाटत नव्हतं.

माझ्या गिटारीच्या शेवटच्या दोन तारा, सा आणि सा. तीच जोडी. परतीच्या वाटेवर इस्लामपूरच्या पुढे हे सुचलं आणि टेम्पो बाजूला लावून वहीत लिहून ठेवलं.

२६ जुलै, शनिवार

शब्द. व्हर्ननची रीत अशी, की आधी चालीवर निरर्थक आवाज गायचे, ते रेकॉर्ड करायचे, एकावर एक चढवायचे. मग परत परत ऐकायचं आणि त्या बडबडीत कुठले शब्द ऐकू येतात ते लिहून घ्यायचे. म्हणून त्याची गाणी समजत नाहीत आणि तरी काहीतरी सांगितल्यासारखी वाटतात. इंग्रजी चांगलं येणाऱ्यांनाही ती धड समजत नाहीत. हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

गाद्यांच्या बोळीत बसून चाळीस मिनिटं नुसतं ना-णा-आ-ली असं गात राहिलो. साताऱ्यातलं कुणी बघितलं असतं तर धंदा बसला असता. आवाज त्याच्यासारखा वरच्या पट्टीत, खोटा. त्याचा बोलण्यातला आवाज भारदस्त, खर्जातला आहे, आधीच्या बँडात तो तसाच गायचा. त्या हिवाळ्यातल्या गाण्यांत मात्र त्याने हा पातळ आवाज लावला. मला तो तीन सुरांच्या वर जमत नाही, चौथ्याला फाटतो. फाटलेलं ठेवलं.

रात्री ऐकायला बसलो. पहिल्या दोन वेळा काही नाही. तिसऱ्या वेळी एका जागी स्पष्ट 'पाण्याखाली' ऐकू आलं. मी तसं म्हटलंच नव्हतं, 'ना-ण्या-आ-ली' असं काहीतरी होतं. पण एकदा ऐकू आलं की दुसरं काही ऐकूच येईना. त्याच्या मागोमाग बाकीचं ओघाने आलं :

पाण्याखाली अंगण आहे
अंगणाला दार आहे
दार कुणी लावलं नाही

एवढंच. चौथी ओळ आली नाही. आजीच्या गावावर गाणं लिहायचं म्हणून बसलो असतो तर धरणग्रस्तांच्या मोर्च्याची घोषणा लिहिली असती. हे बाजूने आलं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. काही कापायचं नाही म्हणून आईने फाइल कापण्यावरही बंदी घातली. ऐकलं तिचं. नुसती गिटार रेकॉर्ड केली, सात टेक. सहावा बरा. माईक बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर. भोकासमोर धरला की ५७ नुसता गुरगुरतो.

२ ऑगस्ट, शनिवार

आवाज चढवायला सुरुवात. पहिला गाऊन झाल्यावर आळस आला आणि मनात आलं, हाच कॉपी करून सोळा वेळा पेस्ट केला तर? करून बघितलं. दोन प्रती केल्या की आवाज बरोबर ६ डीबी वाढला, बस. माणूस एकच, फक्त जास्त ओरडणारा. एक प्रत दहा मिलिसेकंद सरकवली, तर पत्र्याच्या डब्यात तोंड घातल्यासारखं.

म्हणजे प्रत्येक वेळी खरोखर गायला लागतं. दुसऱ्यांदा गायलो आणि काय झालं ते शब्दात कसं लिहू. हेडफोनमध्ये मी होतो आणि माझ्या शेजारी कुणीतरी होतं. श्वास वेगळ्या जागी घेणारं, 'अंगण'मधला 'अं' जरा उशिरा उचलणारं. त्याला मी ओळखत होतो पण तो मी नव्हतो.

चार आवाज झाले. रात्रीचे दोन वाजले.

३ ऑगस्ट, रविवार

आज मोठी चूक केली, ती सविस्तर लिहितो.

सकाळी चारही आवाज ऐकले तर पुढेमागे. धंद्याची सवय, खटकलं. मग सहा तास बसून प्रत्येक अक्षर ताणून-आखडून जागेवर आणलं. सगळे 'पा' एका रेषेत, सगळे 'दार' एका रेषेत. सूरही जिथे घसरला होता तिथे मशीनने वर उचलले. स्क्रीनवर बघताना पोलीस परेडसारखं सुंदर दिसत होतं.

लावलं आणि काहीच झालं नाही. स्वच्छ आवाज. जाहिरातीत असतो तसला. पोट शांत.

तेव्हा जूनमध्ये लोणंदला पालखीच्या वेळी घेतलेलं एक रेकॉर्डिंग आठवलं. आम्ही एका मंडळाच्या स्वागताच्या स्टेजला साउंड लावला होता आणि दिंडी जाताना मी फोन पुढे धरला होता. ते शोधून ऐकलं. टाळ एका वेळी पडतो असं आपल्याला वाटतं. कुठला! आवाज एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. दिंडी तीस मीटर लांब असली तर मागच्याचा टाळ पुढच्याच्या कानात सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोनशे माणसं, दोनशे वेळा. मागचे पुढच्यांना गाठायला बघतायत आणि पुढचे मागच्यांसाठी थांबतायत, आणि ते कधीच पूर्ण जमत नाही. विठ्ठल हा शब्द त्या न जमण्यातच एवढा मोठा होतो. हे सगळं मी लहानपणापासून ऐकतोय आणि मोजून आज बघितलं.

आता परत व्हर्ननकडे. 'द वुल्व्ह्ज' नावाचं गाणं आहे त्याच्या पहिल्या अल्बमावर. शेवटी एकच ओळ परत परत येते आणि तिच्यावर आवाज चढत जातात, मागे काहीतरी आपटतं, फुटतं, आणि सगळे आवाज त्याचेच. दिंडी आहे पण माणूस एकच आहे. ज्याचा बँड फुटला त्याने स्वतःच्याच गळ्यातून बँड काढला, आणि त्या बँडमधले लोकसुद्धा एकमेकांशी जमवून घ्यायला बघतायत आणि अगदी थोडक्यासाठी राहून जातंय. माझं पोट कालवतं ते इथे. दुःखाच्या शब्दांनी नाही, शब्द मला कळतच नव्हते. त्या वीस-तीस मिलिसेकंदांनी.

सगळं अनडू केलं. सहा तास गेले.

७ ऑगस्ट, गुरुवार

नऊ आवाज. 'आहे' ठीक बसतं, पण 'दार कुणी लावलं'मधला 'क' नऊ वेळा म्हणजे खडीची गाडी ओतल्यासारखा. उपाय : एकानेच शब्द नीट म्हणायचा, बाकीच्यांनी व्यंजनं गिळायची. 'आर उई आवलं.' माझा अंदाज, व्हर्ननचे शब्द अस्पष्ट असतात त्यात या गोष्टीचाही हात असणार. खूप आवाज हवे असतील तर शब्दांना मागे सरावंच लागतं.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीला ताई आली. जेवणानंतर तिला हेडफोन दिला. ऐकताना तिने एकदाच माझ्याकडे बघितलं.
"कोण कोण गातंय?"
"मीच."
"सगळे?"
आबा पलीकडून म्हणाले, "आण इकडं." त्यांनी हेडफोन एकाच कानाला धरला, जसा ते साउंड चेकला धरतात. पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "समदे तूच आहेस, तर मग एकमेकांवर रुसलेत का?"
तेरा वर्षं मी जे सांगू शकलो नव्हतो ते त्यांनी एका वाक्यात संपवलं, आणि सुपारी कातरायला घेतली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सोळा झाले. थांबतो. कारण प्रत्येक टेकबरोबर खोलीचाही आवाज रेकॉर्ड होतो, आणि ट्रॅक दुप्पट केले की तो ३ डीबी वाढतो. एकाचे सोळा म्हणजे १२ डीबी. बाहेरचा पाऊस एका ट्रॅकवर ऐकूही येत नव्हता, सोळांमध्ये मिळून तो एक मऊ घरघर झालाय. बामणोलीहून ज्याच्यापासून पळालो तो शेवटी मागच्या दाराने आलाच.

आज काम करताना व्हर्ननचे नंतरचे अल्बम क्रमाने लावले होते. २००९च्या 'ब्लड बँक' या छोट्या रेकॉर्डवर 'वूड्स' आहे, एकही वाद्य नाही, नुसता त्याचा आवाज ऑटो-ट्यूनमधून काढून थरावर थर. मशीनने सूर सरळ केलेला असूनही ते गाणं मरत नाही, हे माझ्या ३ ऑगस्टच्या सिद्धान्ताला चांगलंच छेद देतं. बराच वेळ त्यावर अडकलो. सूर सरळ आहेत पण वेळ सरळ नाही, एवढंच उत्तर सध्या आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने ते उचलून आपल्या गाण्यात घातलं. २०११चा दुसरा अल्बम त्याने गावाजवळ फॉल क्रीकला केला, जनावरांचा जुना दवाखाना घेऊन त्याचा स्टुडिओ केला होता. त्या अल्बमाला २०१२त ग्रॅमी मिळालं, शिवाय सर्वोत्तम नवा कलाकार म्हणूनही. तोवर तो खरा भरलेला बँड झाला होता.

२०१६च्या '२२, अ मिलियन'पासून मात्र माझी जरा खळखळ आहे. तिथे त्याच्या इंजिनिअरने, ख्रिस मेसिनाने, एक यंत्रणा जुळवली, ती मेसिना याच नावाने ओळखली जाते. एकदा गायलं की तिथल्या तिथे त्याच आवाजाचा अख्खा जमाव तयार. स्टेजवर फार सोयीचं, कारागिरी म्हणून टोपी काढावी अशी. ऐकायलाही अचाट. पण ते सगळे एकाच वेळी श्वास घेतात. मला ते लगेच कळतं आणि कळलं की मी बाहेर येतो. यंदा एप्रिलमध्ये नवा अल्बम आला, 'सेबल, फेबल'. त्यातली पहिली काही गाणी परत उघडी, गिटार आणि माणूस. टेम्पोत तीच लावतो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तीन दिवस पावसाने धुतलंय. दुपारी मामाच्या फोनवर आजीला गाणं ऐकवलं, रेंज येत-जात होती. मी तिला शब्द काय आहेत ते आधी सांगितलं नव्हतं.

संपल्यावर पलीकडे नुसता पत्र्यावरचा पाऊस. मग म्हणाली, "लई जणं हायत." मी म्हटलं, आजी, मी एकटाच आहे. तिचा विश्वास बसला नाही. म्हणाली, जात्यावर बसलं की शेजारणीची ओवी भिंतीपलीकडून अशीच यायची, जरा मागून. मग विचारलं, "अंगण कुणाचं?"
मी म्हटलं, तुझंच.
"दार लावलं हुतं आम्ही," म्हणाली. "कुलूप सुदिक घातलं हुतं."

२० ऑगस्ट, बुधवार

तिसरी ओळ बदलायची का? सोळा आवाज परत गावे लागतील. 'दार आम्ही लावलं होतं' मीटरमध्ये बसतं. गाऊन बघितलं तर पहिल्यापेक्षा चांगलं आहे आणि जास्त वाईट वाटतं. म्हणजे बदलायचं.

पण मग एक सुचलं. मध्यंतरी व्हर्ननच्या 'द वुल्व्ह्ज'ची जुनी रेकॉर्डिंगं बघितली होती. सुरुवातीच्या दौऱ्यांत तो त्या गाण्याआधी समोरच्यांना सांगायचा, शेवटची ओळ तुम्ही गायची, हळू सुरू करायची आणि ओरडेपर्यंत न्यायची. लाकडी घरात त्याने ज्या जागी स्वतःच्या प्रती भरल्या होत्या त्या जागी आता खरी माणसं. त्याचा ड्रमर शॉन कॅरीही असाच आलेला. त्याने घरी बसून ती सगळी गाणी, वाजवणं आणि वरचे आवाज, आधी शिकून ठेवले आणि मग जाऊन म्हणाला, मला येतात.

म्हणून बदललेली ओळ मी एकट्याने न गाता ठेवली. पंधरा आवाज जुनंच म्हणतात, कुणी लावलं नाही. सोळावा आवाज काढून टाकला.

२३ ऑगस्ट, शनिवार. बामणोलीकडे

पहाटे निघालो. माईक, इंटरफेस, आणि गोडाऊनमधल्या दोन गाद्या. आजीच्या मागे एक आणि बाजूला एक उभी केली. मामी म्हणाली, म्हातारीला गारठा लागतोय का?

आजी हेडफोन घालून बसली, डोक्यावरचा पदर वरून ओढून घेतला. तिला म्हटलं, ती पोरं चुकीचं म्हणतायत, तू खरं काय ते म्हण. तिने पहिल्या दोन वेळा गायलंच नाही, नुसतं सांगितलं, भांडल्यासारखं. तिसऱ्या वेळी ओवीच्या सुरात. माझ्या षड्जाच्या किंचित खाली आणि चांगली अर्धा सेकंद मागे.

पाऊस होताच. एकच टेक ठेवला.

२५ ऑगस्ट, सोमवार. गोडाऊन

परवा चतुर्थी. सकाळपासून तीन मंडळांच्या गाड्या लागल्या. दुपारपर्यंत गाद्या, कनाती, जाजमं सगळं गेलं, आणि माझ्या बोळीच्या जागी उघडी फरशी आणि उंदरांच्या लेंड्या. मध्ये उभा राहून टाळी वाजवली. चारही भिंतींनी परत केली.

फाइल बाहेर काढली, ४ मिनिटं ११ सेकंद. आजीचा आवाज जरा मोठा आहे, आबांच्या मते कमी करायला हवा. केला नाही. अजून दोन टेक घेऊन पहिल्या कडव्यातली गिटार सुधारता आली असती, पण ऑपरेटर स्टँडवरून माईक काढून घेऊन गेला. आता तो नऊ दिवस ताशावर आहे.